मान हलवायची नाही

धुकं इतकं खाली आलं होतं की सलूनच्या पायरीवरून समोरच्या पिठाच्या गिरणीची पाटीसुद्धा दिसत नव्हती. धाकट्यानं शटर गुडघ्याइतकं वर केलं, वाकून आत शिरला, स्टोव्हवर पाण्याचं पातेलं चढवलं आणि खिळ्याला अडकवलेला चामड्याचा पट्टा डाव्या हातानं ताणून त्यावर वस्तरा घासायला लागला. थंडीत पट्टा ताठतो. आधी त्याला तळव्यानं चोळून ऊब द्यावी लागते, नाहीतर धार लागत नाही. हे दादानं शिकवलेलं. धाकट्याला जे जे येत होतं ते सगळं दादानंच शिकवलेलं, आणि त्यातलं काहीही गोडीगुलाबीनं शिकवलेलं नव्हतं.

धाकट्याची पन्नाशी उलटली होती. दुसऱ्यांचे केस कापता कापता स्वतःचे गेले होते, पोरगी लग्न होऊन लांब गेली होती, तरी गिऱ्हाईकं त्याला 'धाकट्या'च म्हणायची. थोरला जिवंत आहे तोवर तो धाकटाच राहणार होता. आणि थोरला पडद्यापलीकडे, सलूनच्या मागच्या खोलीत, लोखंडी खाटेवर पडलेला होता.

कॅन्सर दादाच्या कमरेच्या हाडात उतरला होता. मोठ्या दवाखान्यानं हात टेकले आणि "घरी न्या" म्हणून सांगितलं. घरी नेऊन काय करायचं, हे सांगायला तिथं कुणी थांबलं नाही. मग दादा ओरडायचा आणि घर ऐकायचं. असं बरेच दिवस चाललं. शेवटी कुणीतरी कुणाला तरी सांगितलं आणि एक सिस्टर स्कूटरवरून दारात आली. घरी पाठवून दिलेल्या अशाच माणसांना बघत ती गावोगाव फिरायची. तिनं मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या. सगळ्या भागात त्या एकाच दवाखान्याच्या एकाच खिडकीवर मिळायच्या.

"ह्या घड्याळावर द्यायच्या, दुखण्यावर नाही," तिनं धाकट्याला दोनदा बजावलं होतं. "उजाडलं की पहिली, मग दर चार तासांनी. ओरडायची वाट बघायची नाही. कळलं ना भाऊ?"

धाकट्यानं मान डोलावली. मान डोलावणं हा त्याच्या धंद्याचाच भाग होता. खुर्चीतला माणूस काहीही बरळला तरी मागं उभं राहून मान डोलवायची. गोळ्या त्यानं केसांच्या मलमाच्या रिकाम्या डबीत घातल्या, डबी आरशावरच्या फळीवर ठेवली, आणि मनाशी ठरवून टाकलं की दुखलं तर देऊ. उगाच कशाला पोटात विष घालायचं.

पाणी तापलं. दुकान उघडायच्या आधी पहिली दाढी दादाची, हा घरचा नेम होता. आजारपणातही दादानं तो मोडू दिला नव्हता. "खुंट वाढलेला न्हावी कुणी बघितला तर उद्यापासून दुकानात कुत्रं यायचं नाही," तो म्हणायचा.

धाकट्यानं त्याच्या मानेखाली टॉवेल घातला, गळ्यापासून पावलांपर्यंत घोंगडी सारखी केली, फेस लावला आणि डोक्याशी उभा राहून वस्तरा चालवला. कानशिलापासून खाली, गालावरून हनुवटीकडं, मग मान मागं ढकलून गळ्यावरून. गाल आत बसले होते. जीभ आतून टेकवून गाल फुगवायचा असतो, तो दादा न सांगता फुगवायचा. डोळे मिटलेले. पापणीसुद्धा लवत नव्हती.

"झालं," धाकटा म्हणाला.

"डाव्या कानाखाली राहिलंय," दादा डोळे न उघडता म्हणाला.

राहिलं होतं.

धाकट्यानं ते काढलं, तुरटी फिरवली, डबीकडं एकदा बघितलं आणि तिला हात न लावता शटर वर केलं. ज्याचं हाड जळतंय तो वस्तऱ्याखाली इतका निवांत पडेल काय? तीस वर्षं त्यानं माणसांची थोबाडं हातात धरली होती. दात दुखणारा माणूस गालाला हात लागायच्या आधीच आक्रसतो. मान अवघडलेला खुर्चीत बसतानाच खांदा वर करतो. कातडी खोटं बोलत नाही, असं त्याचं मत होतं. आणि दादाची कातडी तर दगडासारखी निश्चल.

मग धुकं विरलं, गिऱ्हाईकं यायला लागली, आणि पडद्यामागं कण्हणं सुरू झालं.

"चला, भजन सुरू," पेन्शनर म्हणाला. तो रोज यायचा. दाढी एक दिवसाआड, पण वर्तमानपत्र रोज.

"गिऱ्हाईक बसलं की बरोबर सुरू होतं बघा," धाकटा कात्री चालवत म्हणाला. "सकाळी दाढी केली तेव्हा मेल्या माशासारखा गप्प. आता माणसं आली ना, आता दुखणार."

"मालक होता तो दुकानाचा," वायरिंगवाला खुर्चीतून म्हणाला. त्याचं डोकं कापडातून कोबीच्या गड्ड्यासारखं वर आलं होतं. "आता पडद्याआडून मालकी दाखवतोय. आपली आठवण राहावी म्हणून."

दोघं हसले. धाकट्यानं रेडिओ मोठा केला.

धाकट्याची बायको मागच्या दारानं आली, हात पुसत. "अहो, एक देऊन टाका की त्यांना. मला स्वयंपाकघरात ऐकवत नाही."

"सकाळी कुठं गेलं होतं दुखणं?"

"मला काय माहीत कुठं गेलं होतं. आता आलंय ना."

"मागू दे. तोंड दिलंय देवानं."

ती आल्या दारानं परत गेली. तिला ह्या दोघांचं पहिल्यापासून ठाऊक होतं. आईबाप गेले तेव्हा दादा विशीचा होता आणि धाकटा कमरेइतका. दादानं त्याला वाढवलं, म्हणजे उपाशी ठेवलं नाही. हात चुकला की लाकडी कंगव्याची कड बोटांच्या पेरांवर बसायची. आणि काही मोठं चुकलं, शाळेला दांडी, गल्ल्यातला हात, उलट उत्तर, तर दादा त्याला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवायचा, कापड बांधायचा आणि पाण्याचा थेंब न लावता कोरड्या वस्तऱ्यानं डोकं भादरायचा. गिऱ्हाईकं बघत बसायची. "मान हलवायची नाही," दादा म्हणायचा. "हललास तर चिरलास. मग चूक तुझी, वस्तऱ्याची नाही." धाकटा एकदाच हलला होता. उजव्या कानामागं ती पांढरी रेघ अजून होती. पुढं कधी हलला नाही. ते कसं जमवायचा, हे त्याला आता आठवत नव्हतं. रेघ तेवढी राहिली होती.

दुपारी गिऱ्हाईकं पांगली. धाकटा डबी घेऊन पडद्याआड गेला. दादाच्या कपाळावर घाम होता. खोलीत घामाचा आणि साबणाचा वास.

"काय पाहिजे?" धाकट्यानं विचारलं.

दादानं डबीकडं बघितलं.

"तोंडानं सांग."

"तुला माहीत आहे."

"मला नाही माहीत. मी अडाणी. तूच म्हणायचास."

दादानं ओठ घट्ट मिटले. धाकटा थांबला. खरं तर त्याला घाई नव्हती. इतक्या वर्षांत दादानं त्याच्याकडं काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. हुकूम सोडला होता, ओरडला होता, खेकसला होता. 'दे' हा शब्द दादाच्या तोंडून पडताना कसा वाजतो, ते धाकट्याला एकदा ऐकायचं होतं. एवढंच. ऐकलं की तो गोळी देणार होता.

"पाणी दे," दादा शेवटी म्हणाला.

धाकट्यानं पाणी दिलं. नुसतं पाणी.

संध्याकाळी दादा ओरडला तेव्हा बायकोनंच फळीवरून डबी काढून गोळी दिली, आणि धाकट्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. असंच चाललं होतं. कधी एक, कधी दोन, कधी नाही. आणि सकाळची तर कधीच नाही, कारण सकाळी दादाला दुखतच नव्हतं.

सिस्टर आली त्या दिवशीही धुकं होतं. एरवी ती उन्हं वर आल्यावर यायची. आज शटर अर्धं असतानाच स्कूटर थांबली.

"लवकर आज?" धाकट्यानं विचारलं. हातात फेसाचा ब्रश होता.

"पुलापलीकडच्या घरी आता जायचं राहिलं नाही," ती म्हणाली. हेल्मेट काढून खुर्चीत ठेवलं आणि फळीवरची डबी उचलली. झाकण उघडून तिनं आतल्या गोळ्या बोटानं मोजल्या. "भाऊ, ह्या संपायला हव्या होत्या."

"उरल्या," धाकटा म्हणाला. आवाजात थोडी फुशारकी होती. काटकसर केल्यावर माणसाच्या आवाजात असते तशी. "सकाळची त्याला लागतच नाही, सिस्टर. मी रोज दाढी करतो ना. दुखणाऱ्या माणसाची दाढी करून बघा, कळेल तुम्हाला. कातडी उडते, गळा वरखाली होतो. ह्याचं काहीच नाही. आणि माणसं आली की सुरू. आता तुम्हीच समजा काय ते."

सिस्टरनं डबीचं झाकण लावलं. ती चिडेल असं धाकट्याला वाटलं. ती चिडली नाही.

"करा दाढी," ती म्हणाली. "मी थांबते."

तो डोक्याशी उभा राहिला, नेहमीसारखा. ती पायथ्याशी गेली. त्यानं डावा गाल केला, हनुवटी केली, मान मागं ढकलली. दादाचा चेहरा झोपलेल्या मुलासारखा. बघा, असं धाकट्यानं नुसत्या डोळ्यांनी सिस्टरला खुणावलं.

तिनं घोंगडी पायाकडून वर उचलली.

"इकडं या."

"अर्धी राहिलीय."

"राहू दे. इकडं या."

तो वस्तरा हातात धरूनच खाटेला वळसा घालून गेला. एवढ्या वर्षांच्या धंद्यात तो माणसाच्या पायथ्याशी कधी उभा राहिला नव्हता. न्हाव्याला दिसतं ते तोंड, मान, फार तर खांदे. बाकीचा माणूस कापडाखाली असतो; त्याच्याशी न्हाव्याचं काही देणंघेणं नसतं.

दादाच्या पायांची बोटं आत वळली होती. वळली होती म्हणजे मुठीसारखी आवळली होती, इतकी की पेरं पांढरी पडली होती. उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं नख अंगठ्याच्या मांसात रुतलं होतं. त्याखाली खपली होती. त्या खपलीखाली आणखी एक जुनी. घोंगडीला आतून वाळक्या रक्ताचे ठिपके होते, आणि ते एका दिवसाचे नव्हते.

सिस्टरनं एक हात वर करून दाखवला. खाटेच्या लोखंडी पट्टीभोवती बोटं आवळलेली. तिनं ती एकेक करून सोडवली. तळव्यावर पट्टीच्या कडेचा वण पडला होता.

धाकट्याच्या पायातल्या चपला अचानक घट्ट झाल्या. त्यानं खाली बघितलं. त्याची स्वतःची बोटं चपलेच्या पट्ट्याखाली आवळली होती. तसंच जमायचं ते. वरून कोरडा वस्तरा फिरायचा, गिऱ्हाईकं बघत असायची, आणि कापडाखाली बुटात बोटं आवळून धरायची, सगळं दुखणं तिथं नेऊन दाबायचं, म्हणजे मान हलत नाही. तो हे साफ विसरला होता. शिकवायच्या आधी दादा हे स्वतः शिकला असणार, हे तर त्याच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. त्यांचा बापही न्हावीच होता.

"अर्धी दाढी टाकून कुठं गेलास?" दादा डोळे मिटूनच म्हणाला. "असं गिऱ्हाईक सोडतात?"

"काका," सिस्टर त्याच्या कानाशी वाकली. "बोलला का नाहीत?"

"वस्तऱ्याखाली बोलतात काय?"

"आणि मग दिवसभर?"

दादानं डोळे उघडले. सिस्टरकडं नाही, धाकट्याकडं बघितलं. "दिवसभर मला मागायला लावतो तो. मीच शिकवलेला आहे. बाकी काही आलं नाही त्याला, एवढं मात्र चांगलं आलं."

सिस्टरनं गोळी काढून धाकट्याच्या तळहातावर ठेवली. तिनं स्वतः दिली असती तर बरं झालं असतं. धाकट्यानं दादाचं डोकं उचललं, गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं. अर्धा चेहरा साबणाचा होता, पाण्यात साबण उतरला. दादा ठसकला आणि म्हणाला, "नीट."

"इथं आणखी कितीजण असे आहेत, मला पत्ता लागत नाही," बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाली. "दुकान बंद असतं त्या दिवशी चार माणसं बसवा म्हणून मागं म्हटलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, गिऱ्हाईकं बिचकतील."

"बसवतो," धाकटा म्हणाला.

बंदच्या दिवशी पाच-सहा जण आले. निम्मे फुकट चहाला आणि पेन्शनर वादाला. सिस्टर आरशाला पाठ करून उभी राहिली. दुखणं म्हणजे शिक्षा नव्हे, ते आवरता येतं, दवाखान्यानं घरी पाठवलं म्हणजे सगळं संपलं असं नव्हे, असं काहीबाही सांगायला लागली. लोक ऐकताना खुर्च्या गोल फिरवत होते.

"म्हणजे अफूच ना ती शेवटी?" पेन्शनरनं विचारलं. "सवय लागेल माणसाला."

"लागू दे की," पडद्यामागून दादा म्हणाला. "मला आता कुठं नोकरीला जायचंय."

सगळे हसले. सिस्टरही हसली आणि मग म्हणाली, की दुखण्यासाठी वेळेवर, मोजून घेतलं की तशी भीती नसते, आणि जीवही त्यानं जात नाही.

"एवढं चांगलं आहे तर नाक्यावरच्या दुकानात का मिळत नाही?" पेन्शनर हटेना.

"ते ठेवत नाहीत म्हणून तुम्हाला माहीत नाही. तुम्हाला माहीत नाही म्हणून तुम्ही मागत नाही. तुम्ही मागत नाही म्हणून ते परवाना काढत नाहीत. ज्यांची माणसं खिडकीपर्यंत पोचतात त्यांना मिळतं. बाकीचे ओरडतात. शेजारचे रेडिओ मोठा करतात."

धाकट्यानं उगाच टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली.

वायरिंगवाला सबंध वेळ दारात उभा होता. चहा निवून गेला होता. "आम्ही आईच्या खोलीचं दार लावून घ्यायचो," तो म्हणाला, जणू विजेच्या बोर्डाबद्दल सांगतोय. "बाहेरून. पोरं घाबरायची म्हणून. दोन पावसाळे. हे तेव्हा मिळत होतं?"

सिस्टरनं खोटं बोलावं असं तिथल्या प्रत्येकाला वाटलं असणार.

"मिळत होतं," ती म्हणाली.

त्यानं कप फळीवर ठेवला आणि निघून गेला. दुसऱ्या न्हाव्याकडं जातो म्हणे आता.

त्यानंतर धाकटा उजाडताच गोळी द्यायचा, पाणी तापेपर्यंत थांबायचा आणि मग वस्तरा घ्यायचा. दादाचं कण्हणं बसलं. पडद्यामागून आता कण्हण्याऐवजी सूचना यायच्या: रेडिओ लहान कर, कात्री बोथट झालीय, मला इथून ऐकू येतंय. दोघा भावांमध्ये आणखी काही बोलणं झालं नाही. धाकट्यानं एकदा सुरुवात केली होती. "दादा, ते मी..."

"फेस वाळतोय," दादा म्हणाला.

आणि एका सकाळी गळ्याशी वस्तरा असताना दादा हलला. दुखलं म्हणून नाही. डुलकी लागली होती, अंग सैल पडलं होतं, हनुवटी आपोआप कलली. धाकट्याचा हात थांबायच्या आत गळ्यावर लाल रेघ उमटली. दादा जागा झाला, बोटानं गळा चाचपला, बोट डोळ्यांसमोर धरून बघितलं.

"माझी चूक," धाकटा म्हणाला.

"तुझी नाही," दादा म्हणाला. "मी हललो." मग बोट घोंगडीला पुसलं. "तेव्हाही तुझी नव्हती, असं काही मी म्हणणार नाही. आशेनं बघत बसू नकोस."

"नाही बघत."

"तुरटी लाव."

धाकट्यानं तुरटी लावली. झोंबली असणार. त्यानं पायथ्याकडं नजर टाकली. घोंगडी तो आता घोट्यापर्यंतच ओढायचा. बोटं सुटी पडली होती, म्हाताऱ्याची, वेडीवाकडी, नखं वाढलेली. नखं काढायला हवीत, त्याच्या मनात आलं.

बाहेर शटरवर थाप पडली. पेन्शनर आत येऊन खुर्चीत बसला, वर्तमानपत्र उघडलं. धाकट्यानं कापड झटकलं, त्याच्या गळ्याला बांधलं आणि खाली सोडलं. गुडघ्यापासून खाली पाय उघडेच राहिले.

"कापड आखूड केलंस की काय?" पेन्शनर म्हणाला. "हल्ली सगळे केस माझ्या पँटवर पडतात."

"तेवढंच आहे," धाकटा म्हणाला.

खालचा केर कालचाच राहिला होता. त्यानं कोपऱ्यातला झाडू घेतला, पेन्शनरला म्हणाला, "पाय वर घ्या जरा," आणि खुर्चीखालचे केस दाराकडं लोटायला लागला.